लाट मोजणारा कान

सिहोरा, ता. तुमसर, जि. भंडारा
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. बाबू,

तुझा मोबाइलवरचा लांबलचक निरोप वाचला. अंगठ्याने उत्तर लिहिणं मला जमत नाही. म्हणून कागदावर लिहितो आहे, तुझी मामी त्याचे फोटो काढून पाठवेल. अक्षर लागलं नाही तर फोन कर, पण आधी वाच.

तू तीन गोष्टी विचारल्यास. पहिली, मोबाइलवरचं सूर तपासायचं ॲप ऑर्गन बरोबर लागलाय म्हणतं आणि तुझ्या नाटकमंडळीतले म्हातारे गायक मात्र 'गंधार चढा आहे' म्हणून तोंड वाकडं करतात, यात खरं कोण? दुसरी, आजोबांच्या जुन्या ट्रान्झिस्टरवर गाणं असं गोधडीखालून आल्यासारखं का वाटतं? तिसरी, मंडईच्या म्हणजे गावोगावच्या जत्रांच्या हंगामासाठी किती वॅटचे बॉक्स घ्यावेत? तुला हे तीन वेगळे प्रश्न वाटतात. माझ्या मते प्रश्न एकच आहे. हवेत हलतं एक आणि कानाला ऐकू येतं दुसरं, आणि त्या दोहोंमधला हिशेब तुला कुणी शिकवलेला नाही. आयटीआयमध्ये तारा जोडायला शिकलास, पेटी आमच्या भजनात बसून शिकलास. मधला दुवा राहून गेला. तो जेवढा मला माहीत आहे तेवढा सांगतो.

आधी लाट. शाळेत मी सगळ्या मास्तरांसारखं तळ्यात खडा टाकून दाखवत असे. ते उदाहरण तितकंसं बरं नाही, कारण पाण्याचा पृष्ठभाग वर-खाली होतो आणि हवेत तसं काही होत नाही. त्यापेक्षा आत्ता बांधीत जाऊन उभा राहा. धान लोंबीवर आलंय. वाऱ्याची झुळूक आली की या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत लाट धावत जाते, पण धानाचं एकही ठोंब जागचं हलत नाही. लोंब्या फक्त पुढे वाकतात आणि मागे येतात, तेही लाट जाते त्याच दिशेने. म्हणून कुठे त्यांची दाटी दिसते, कुठे विरळ. हवेचे कण अगदी हेच करतात: दाटी, विरळ, दाटी, विरळ. एका जागी सेकंदाला किती वेळा दाटी झाली ती वारंवारता. तिच्यावर स्वराची उंची ठरते. दाटी किती घट्ट झाली त्यावर आवाजाचा जोर ठरतो. आणि हा सगळा कारभार केवढ्या नाजूक मापाचा आहे बघ. साध्या बोलण्याने हवेचा दाब पन्नास लाखांत एक भाग, एवढाच वर-खाली होतो, आणि कानाला तो लख्ख कळतो.

लाटेचा वेग हवेच्या उष्णतेवर अवलंबून असतो. पुस्तकात सेकंदाला ३४३ मीटर लिहिलेलं असतं ते २० अंशाचं. आपल्याकडे पौषातल्या रात्री १० अंशांवर तो ३३७ च्या आसपास असतो आणि मे महिन्यात ४५ अंशांवर ३५८ च्या घरात जातो. तुझ्या धंद्याला याचा थेट संबंध आहे. बासरी म्हणजे ठरावीक लांबीची हवेची नळी. हवा थंड झाली की तिचा स्वर उतरतो. हिशेबाने पाहिलं तर ३० अंशांवरून १० अंशांवर आल्यावर नळीचा स्वर अर्ध्या पट्टीहून थोडा जास्तच उतरायला हवा. फुंकणाऱ्याच्या उबदार श्वासामुळे प्रत्यक्षात तेवढा उतरत नाही, पण उतरतो. पेटीच्या आणि ऑर्गनच्या पितळी जिभा मात्र थंडीने उतरत नाहीत, झालंच तर किंचित चढतात. तबल्याची पुडी दव ओढून सैल पडते, तिचा स्वर उतरतो. म्हणजे दहा वाजता जुळवलेली तीन वाद्यं रात्री दोन वाजता तीन दिशांना गेलेली असतात. झाडीपट्टीचं नाटक पहाटेपर्यंत चालतं हे ध्यानात ठेव आणि दोन अंकांच्या मध्ये पुन्हा जुळवून घ्यायला लाजू नकोस.

आणखी एक. बपेऱ्याकडच्या एखाद्या गावची मंडई असली की रात्री इथे अंगणात ढोल ऐकू येतो, दिवसा मात्र काही नाही. लोक म्हणतात रात्री शांतता असते म्हणून. तेही आहेच, पण पुरतं कारण ते नव्हे. निरभ्र रात्री जमीन आधी थंड होते, तिच्यालगतची हवा गार आणि वरची त्या मानाने गरम. वरच्या थरात लाट वेगाने जाते, त्यामुळे ती वाकून खाली जमिनीकडे येते. दुपारी नेमकं उलटं, लाट वर वळून आभाळात जाते. चांदपूरच्या जलाशयाकाठी संध्याकाळी उभा राहिलास तर पलीकडच्या काठावरचं बोलणं समोर असल्यासारखं येतं, त्याचंही कारण हेच. आणि लांबून ढोलच का येतो, गाणं का नाही? सेकंदाला ६० वेळा कंप पावणाऱ्या स्वराची लाट पावणेसहा मीटर लांब असते. ती घरं, झाडं, माणसं वळसा घालून पुढे जाते. ६,००० वाल्या स्वराची लाट पावणेसहा सेंटिमीटरची. ती पुढच्या माणसाच्या डोक्याला अडते आणि वाटेत हवेतही जास्त जिरते. म्हणून शब्द गावातच राहतात आणि धडधड शिवेपलीकडे जाते. तक्रारही धडधडीचीच येते.

आता तुझ्या ॲपचं आणि त्या म्हाताऱ्यांचं भांडण. इथे थोडा थांबणार आहे, कारण एवढं नीट कळलं तर बाकीचं आपोआप कळेल.

सा २४० धर. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनीही हिशेबाला हाच आकडा घेतला होता. तानपुऱ्याची खरजाची तार त्याच्या निम्मी, १२०. ती छेडली की नुसती १२० ने हलत नाही. अख्खी तार एक होऊन हलते, त्याच वेळी दोन भागांत २४० ने, तीन भागांत ३६० ने, चार भागांत ४८० ने, पाच भागांत ६०० ने. हे तिचे अंशस्वर. तीन भागांचा ३६० म्हणजे तुझा पंचम. पाच भागांचा ६०० म्हणजे वरच्या सप्तकातला गंधार. कुणी लावलेला नसताना तानपुऱ्यातून उमटतो म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. गायक आयुष्यभर त्याच्या कुशीत बसून गातो. त्याचा गंधार तोच.

पेटीचा मात्र तो नाही. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, म्हणजे कुठलीही पट्टी सा धरून वाजवता येते. सोय मोठी आहे, पण तिची किंमत मोजावी लागते. या वाटणीत वरचा गंधार ६०० वर न पडता ६०४.८ वर पडतो. तुझं ॲप त्या बारा समान भागांना प्रमाण मानतं, म्हणून ते ऑर्गनला शाबासकी देतं. म्हातारे तानपुऱ्याला प्रमाण मानतात. दोघेही खरे. पण गाणं तानपुऱ्यावर उभं असेल तर मी म्हाताऱ्यांच्या बाजूचा.

हा फरक त्यांना कळतो कसा? ते काही आकडे मोजत नाहीत. दोन जवळजवळचे स्वर एकत्र वाजले की कधी दोघांच्या दाट्या एकावर एक पडतात आणि आवाज फुगतो, कधी एकाच्या दाटीवर दुसऱ्याची विरळ येते आणि आवाज बसतो. फुगणं-बसणं सेकंदाला किती वेळा, तर दोघांच्या वारंवारतेत जेवढा फरक असेल तेवढ्या वेळा. पुस्तकात याला विस्पंद म्हणतात, आपण लाट म्हणू. ६०० आणि ६०४.८ मध्ये सेकंदाला जवळपास पाच लाटा. ती थरथर म्हाताऱ्यांच्या कानाला टोचते.

आता करून बघ. माझी जुनी पेटी तुझ्याकडेच आहे. फक्त एकच सूरमाला उघडी ठेव. पांढरी सातला सा धर (ती २४० च्या जवळपास असते, थोडी वर), सा आणि पंचम एकदम दाबून धर, भाता अगदी सारखा ठेव आणि घड्याळाकडे बघत कान दे. पेटी चांगली लागलेली असेल तर दहा सेकंदांत साधारण आठ संथ लाटा ऐकू येतील. त्या साच्या तिसऱ्या आणि पंचमाच्या दुसऱ्या अंशस्वरातल्या आहेत. पहिल्यांदा काहीच ऐकू येणार नाही. स्वर ऐकू नकोस, स्वराच्या वर जी बारीक झिणझिण असते तिच्याकडे लक्ष दे. मग सा आणि गंधार धर. इथे सेकंदाला जवळपास दहा लाटा होतात. मोजता येत नाहीत, नुसती कंपारी जाणवते. ज्या दिवशी तुला पंचमाच्या लाटा घड्याळाशिवाय मोजता येतील त्या दिवसापासून ॲप काढून टाकलंस तरी चालेल. रीड दुरुस्त करणारे जुने कारागीर याच लाटांवर काम करत. जिभेचं टोक जरासं खरवडलं की स्वर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. खरज आणि नर या दोन माळा एकत्र वाजवून लाट थांबेपर्यंत खरवडायचं, एवढीच त्यांची सगळी यंत्रसामग्री.

हे भांडण तुझ्या ऑर्गनपासून सुरू झालेलं नाही, हेही माहीत असू दे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये सप्तकातल्या बावीस श्रुतींवर, म्हणजे बारीक स्वरांतरांवर, पुस्तक काढलं. त्यासाठी त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांचे स्वर तपासले होते. त्यांच्या पाठीशी क्लेमंट्स नावाचा इंग्रज न्यायाधीश होता. त्याने इंग्लंडहून श्रुतींची खास पेटी करवून आणली. १९१६ मध्ये बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली तिथे त्या पेटीवरून मोठा वाद झाला. भातखंड्यांना ती पटली नाही. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीलाच दार बंद केलं, ते सुमारे तीस वर्षं. मला विचारशील तर बंदी घालणारेही चुकले आणि पेटीत बावीस श्रुती कोंबायला निघालेलेही फार पुढे गेले नाहीत. देवलांचा कान आणि चिकाटी मात्र मला पूज्य आहे. पेटी आहे तशीच ठेव, वाजवायची रीत बदल. गायक गंधारावर थांबला की तू त्या पट्टीवर थांबू नकोस. हलकेच स्पर्श करून सा किंवा पंचम धर आणि गंधार त्याचा त्याला लावू दे. म्हाताऱ्यांची तक्रार निम्म्याने कमी होईल.

आता ट्रान्झिस्टर. मघाशी दोन स्वर एकत्र आले की आवाज फुगतो-बसतो हे पाहिलं. याची दुसरी बाजू गणिताने तितकीच खरी आहे. एकच स्वर घेऊन त्याचा जोर ठरावीक वेगाने कमी-जास्त केला तर त्याच्या दोन्ही बाजूंना दोन नवे स्वर जन्माला येतात. जोर कमी-जास्त करणं म्हणजेच आयाम मॉड्युलेशन. नागपूर केंद्राची मध्यम लहर ५८५ किलोहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५ लाख ८५ हजार कंपनांची. ती विजेची-चुंबकाची लाट, हवेची नव्हे, आणि एकेक लाट सुमारे ५१२ मीटर लांब. तिच्यावर निवेदकाच्या आवाजाने जोर कमी-जास्त करतात. समजा त्याने १ किलोहर्ट्झचा स्वर दिला, तर ५८५ च्या दोन्ही बाजूंना ५८४ आणि ५८६ उमटतात. म्हणजे गाण्यातला स्वर जितका उंच तितकी केंद्राला आजूबाजूची जागा जास्त लागते. मध्यम लहरीवर दोन केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचंच अंतर ठेवलेलं आहे. म्हणून प्रत्येकाने साडेचारच्या आत बसायचं. टाळांचा झणत्कार, पेटीची धार, 'स'ची शीळ, हे सगळं त्याच्या वर असतं. ते कापलं जातं. आजोबांचा ट्रान्झिस्टर बिघडलेला नाही, दुकानात नेऊ नकोस.

एफएमवर जोर तसाच ठेवून लहरीची वारंवारताच मागेपुढे हलवतात. विविध भारतीचं नागपूर केंद्र १००.६ मेगाहर्ट्झवर आहे. तिथे जागा ऐसपैस, त्यामुळे १५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज येतो. आणि वीज चमकली की मध्यम लहरीवर कडकड येते, एफएमवर येत नाही. विजेचा धक्का लाटेचा जोर बदलतो. मध्यम लहरीचा रेडिओ जोरातूनच गाणं वाचतो, म्हणून तो कडकडही गाणं समजून ऐकवतो. एफएमचा रेडिओ जोराकडे बघतच नाही. तुझा कॉर्डलेस माइकही असाच वारंवारतेवर चालणारा असतो.

हेच दोन प्रकार गाण्यात आहेत, आणि हे तुला कुठल्या तांत्रिक वर्गात सांगणार नाहीत. दरबारीतला गंधार संथ झुलतो, तो उंचीने झुलतो. म्हणजे वारंवारता हलते. तू भाता हलवून पेटीत कंप काढतोस तेव्हा मुख्यतः जोर हलतो. ऐकणाऱ्याला दोन्ही 'कंप'च वाटतात, तरी दरबारीचा तो गंधार पेटीवर का येत नाही याचं उत्तर इथे आहे. भाता कितीही हलव, उंची जागची फारशी हलणार नाही.

आणि खरी गंमत कानाची. दोन स्वर एकत्र वाजून जोर सेकंदाला चार-पाच वेळा हलला तर कान म्हणतो, एकच स्वर आहे, डोलतोय. पंधरा-वीसच्या पुढे गेला की डोलणं संपतं, स्वर खरखरीत होतो. आणखी पुढे गेलं की कानाला सरळ दोन वेगळे स्वर ऐकू येतात. हवेतली लाट तिन्ही वेळा एकाच सूत्राची. एक, दीड की दोन, हे कान ठरवतो.

तबल्याबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. साध्या ताणलेल्या कातड्याचे अंशस्वर पूर्ण पटीत नसतात, १, १.५९, २.१४ असे तिरपागडे असतात. म्हणून डफाला ताल आहे, सूर नाही. तबल्याला सूर आला तो शाईमुळे. मधल्या त्या काळ्या थराच्या वजनाने अंशस्वर दुप्पट, तिप्पट, चौपट अशा जागी ओढले जातात. हे मोजून दाखवलं सी. व्ही. रामन यांनी. १९२० मध्ये पहिली नोंद, १९३४ मध्ये सविस्तर निबंध. पुडीची नऊ प्रकारची कंपनं मिळून पाचच स्वर देतात, असा त्यांचा निष्कर्ष. पुडीवर बारीक वाळू पसरून ती कुठे स्थिर राहते हे पाहत त्यांनी हे उलगडलं. तानपुऱ्याच्या घोडीवरही त्यांनी १९२१ मध्ये लिहिलं. तार जिथे छेडावी तिथे शांत राहणारे अंशस्वर गप्प बसायला हवेत, असा युरोपातला नियम. तानपुऱ्याच्या रुंद, वाकदार घोडीमुळे ते गप्प बसत नाहीत. मिरजेचे कारागीर घोडीची ती घडण, म्हणजे जवारी, हाताने आणि कानाने काढत आले आहेत. त्यांच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हेच रामन १९१० च्या सुमारास नागपुरात सरकारी हिशेबखात्यात नोकरीला होते. आपल्याकडच्या फार थोड्यांना हे ठाऊक आहे.

घंटेचं मात्र वेगळं. चांदपूरच्या मारुतीची घंटा घे किंवा भंडाऱ्याचं पितळी भांडं वाजव. दोघांना विचार सूर कोणता, दोन उत्तरं येतील. धातूचे अंशस्वर पटीत नसतात, ज्याचा कान ज्याला चिकटला तो त्याचा सूर. तिथे भांडू नकोस.

आता कान, आणि तुझे वॅट. कानाच्या पडद्यामागे तीन चिमुकली हाडं, त्यांच्यामागे पाण्याने भरलेली शंखाकृती नळी. नळीच्या तोंडाशी उंच स्वर उमटतात, आतल्या टोकाशी खर्ज. बेकेशी या शास्त्रज्ञाला हे उलगडल्याबद्दल १९६१ चं नोबेल मिळालं. त्या नळीत केसाळ पेशी आहेत, एका कानात पंधरा हजारांच्या आसपास. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. तोंडाशी असलेल्या पेशी आधी झिजतात, म्हणून म्हातारपणी 'स' आणि 'श' आधी जातात. तुझ्या मामीने 'साठ' म्हटलं की मला हल्ली 'आठ' ऐकू येतं, आणि बाजाराचा हिशेब चुकतो.

कान आपल्या पदरचंही घालतो. जुन्या भोंग्यातून ३०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही निघत नसे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर सव्वाशेच्या आसपास. तरी भोंग्यावरून बोलणारा पुरुष बाई वाटला नाही कुणाला. ३७५, ५००, ६२५ हे वरचे अंशस्वर ऐकून मेंदू त्यांच्यातला १२५ चा फरक ओळखतो आणि नसलेला खर्ज भरून काढतो. मोबाइलच्या इवल्या स्पीकरवर तानपुऱ्याचा खरज तुला ऐकू येतो तोही असाच. तेव्हा बेस कमी वाटला म्हणून लगेच मोठा बॉक्स आणायला धावू नकोस.

वॅटचं गणित तर लोक सर्रास चुकवतात. १०० वॅटच्या जागी २०० लावले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. बाजूच्याला जेमतेम कळेल. आवाज दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. उलट मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. म्हणून एकाच ठिकाणी बॉक्सची भिंत उभी करून मागच्या माणसाला ऐकवायला गेलास तर पुढच्याचा कान फुटेल. चार लहान बॉक्स वाटून लाव. फक्त अंतराचा हिशेब ठेव. मागचा बॉक्स पुढच्यापासून ३४ मीटरवर असेल तर पुढचा आवाज मागच्यांकडे एक दशांश सेकंद उशिरा पोचतो आणि प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. तुझ्या मिक्सरमध्ये उशीर लावायची सोय आहे, ती त्यासाठीच.

कानाची काळजी घे, हे सांगतो ते मामा म्हणून. ८५ डेसिबलला आठ तास, ही कामगारांसाठी सुचवलेली मर्यादा. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० वर पंधरा मिनिटं. डीजेजवळ उभं राहून तू एका वरातीत आठवड्याचा कोटा संपवतोस. घरी आल्यावर कानात 'चुंई' वाजतं ना, त्याला हसू नकोस. फोमचे बोळे मेडिकलमध्ये मिळतात. लावल्याने गाणं ऐकू येत नाही असं नाही, ऑर्गन तर उलट स्वच्छ ऐकू येतो. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायला २००० च्या नियमांनी बंदी आहे. ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट मिळते ती सरकार देतं, आयोजक नाही. बयाणा घेण्याआधी परवानगीचा कागद डोळ्यांनी बघ.

शेवटचं एक काम. तू लिहिलंस की दोन्ही बॉक्स लावले की बेस पातळ होतो आणि एक बंद केला की भरतो. माझा संशय असा की एका बॉक्सच्या तारा उलट्या जोडल्या आहेत. एकाची दाटी आणि दुसऱ्याची विरळ एकाच क्षणी येते, दोन्ही एकमेकांना खातात. लांब लाटा आधी खाल्ल्या जातात म्हणून बेसच जातो. तपासायला यंत्र नको. दीड व्होल्टचा सेल क्षणभर तारांना लाव. धन बाजू बरोबर असेल तर पडदा बाहेर येतो, उलटी असेल तर आत जातो. दोन्ही बॉक्सचे पडदे एकाच दिशेने हलले पाहिजेत. येत्या रविवारी बॉक्स घेऊनच ये, इथे ओट्यावर दोघं मिळून बघू. तुमसरहून येताना सेल आण, इथल्या दुकानातले जुने निघतात. आणि पेटीही आण. काळी दोनच्या नराची जीभ मला उतरल्यासारखी वाटत होती, मागच्या भजनात.

ताईला नमस्कार सांग. मामीने कोजागरीचं आटवलेलं दूध तुझ्या वाट्याचं ठेवलं होतं, ते मीच प्यालो.

तुझा,
मामा